उजवीकडचा दिवा

१

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे मशीनबाई म्हणायचे. बेचाळीस मशीनं होती, आणि त्यांतलं एखादं अडलं की हाक तिलाच. टाका सुटायला लागला, सुई तुटली, पट्टा घसरला, की ती मशीनच्या डोक्याला कान लावायची आणि कुठे दुखतंय ते सांगायची. मशीन कधी खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं. खोटं बोलतात ती चालवणारी माणसं.

घरी ती आणि नवरा, दोघंच. नवरा जन्मभर बसवर कंडक्टर. माणूस मोठा गमत्या. स्वयंपाकघरात ती मधे आली तर "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणायचा. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच त्याच्या किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी बाराला इस्पितळ गाठायचं आणि चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडायचं, असा नेम झाला. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती त्याला न्यायची. गाडी एकवीस वर्षांची होती, पण तिच्या हातातली. इंजिन घड्याळासारखं चालायचं.

रस्ताही ठरलेला. पेट्रोल पंप, मग सरळ लांब रस्ता, मग एक चौक, मग पूल, पुलापलीकडे इस्पितळ. पंचवीस मिनिटं. त्या चौकात सिग्नल नव्हता. उजवीकडचा रस्ता बंद पडलेल्या कागदाच्या गिरणीकडे जायचा. तिकडे कुणाचं काही काम नसायचं.

एका बुधवारी त्या चौकाजवळ येताना तिला टिक टिक ऐकू आलं. समोर बघितलं तर उजवीकडचा इंडिकेटर चालू. तिने स्टिअरिंगजवळच्या दांडीला हात लावला नव्हता. समोरून येणारा एक टेंपो थांबला, आणि ड्रायव्हरने हात हलवून 'या, वळा' म्हटलं. तिने दांडी मागे ढकलली आणि सरळ निघून गेली. टेंपोवाल्याने मागून जे काही म्हणायचं ते म्हटलं.

"काय गं, लोकांची फिरकी घेतेस?" नवरा हसत म्हणाला.

"हात लागला असेल," ती म्हणाली.

२

शुक्रवारी पुन्हा तेच. सोमवारी पुन्हा.

बाजाराला जाताना नाही, कारखान्यात जाताना नाही, परतीच्या वाटेवर नाही. इस्पितळाकडे जाताना त्याच चौकात, तेवढंच. मशीनबाईने डोकं चालवलं. चौकाआधी रस्त्याला एक उंचवटा आहे, त्याच्या धक्क्याने दांडी सरकत असेल. पुढच्या खेपेला तिने उंचवट्यावरून गाडी मुंगीच्या पावलांनी नेली. इंडिकेटर लागला तो लागलाच.

ती गाडी घेऊन मेस्त्रीकडे गेली. मेस्त्रीने दांडी वर-खाली केली.

"वहिनी, कॉम्बिनेशन स्विच गेलाय. इंडिकेटर, हेडलाइट, वायपर, सगळं त्या एकाच स्विचवर असतं. आतून झिजला की असले चाळे करतो."

"नवा टाका मग."

"या गाडीचा नवा मिळेल तर शपथ. भंगारवाल्याकडे बघा, अशी एखादी गाडी तोडलेली असेल. पण बसवायचं काम माझ्याकडून दहा दिवस होणार नाही. स्टिअरिंग उतरवावं लागतं."

"मी बसवीन."

मेस्त्रीने तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या हातांकडे. "बसवाल," तो म्हणाला. "फक्त स्टिअरिंग ओढताना मधला नट पूर्ण काढू नका, दोन आट्यांवर ठेवा. नाहीतर चाक उसळून तोंडावर येतं. दात जातील."

३

भंगारवाल्याकडे स्विच मिळाला. रविवारी सकाळी घरामागच्या पत्र्याखाली तिने काम काढलं. नवरा खुर्ची टाकून जवळ बसला. अंगावर शाल, पायांना सूज, तोंड मात्र चालू.

तिने आधी बॅटरीची एक वायर सोडवली. मग हॉर्नचं झाकण उचकटलं. आत मोठा नट होता. तो सैल करण्याआधी चाक आणि त्याखालचा दांडा यांच्यावर मिळून खडूची एक रेघ ओढली, म्हणजे बसवताना चाक तिरकं बसू नये. नट दोन आट्यांवर ठेवून तिने चाक दोन्ही हातांनी इकडून तिकडे हलवत ओढलं. तिसऱ्या हिसक्याला ते सुटून नटावर अडकलं.

"राहिले दात!" नवरा म्हणाला. "जन्मभर बसलो त्या चाकाच्या शेजारी. त्याच्या पोटात काय असतं ते आज बघतोय."

खालच्या कव्हरचे स्क्रू काढले. वायरींचे दोन गठ्ठे जोडणीतून सोडवले, स्विचचे तीन स्क्रू फिरवले, आणि स्विच हातात आला. काम तासाभराचं होतं. पण नवा बसवायच्या आधी जुन्यात काय बिघडलंय हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने तो पाटावर घेऊन उघडला.

आतली पितळी टोकं लख्ख होती. स्प्रिंग ताठ होती. वळण संपून चाक सरळ झालं की दांडीला आपोआप जागेवर आणणारी प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते. तीही धड होती. तिने दांडी पन्नास वेळा वर-खाली केली. पन्नास वेळा ती होती तिथे थांबली. एकदासुद्धा घसरली नाही.

"यात काही बिघाडच नाही," ती म्हणाली.

नवरा फाटकाकडे बघत होता. "मग त्याला कशाला दोष देतेस? बेल कुणीतरी ओढल्याशिवाय वाजते का?"

"कोण ओढणार? गाडीत आपण दोघं."

तो हसला. नेहमीचं हसणं होतं, फक्त जरा उशिरा आलं.

४

भंगारातला स्विच चोख बसला. खडूची रेघ रेघेला मिळाली. फाटकातल्या फाटकात तिने वीसदा इंडिकेटर लावून बघितला.

सोमवारी चौक जवळ येताना तिने श्वास रोखून धरला. काही झालं नाही. पूल ओलांडल्यावर ती एवढ्या मोठ्याने हसली की नवरा दचकला. बुधवारीही काही नाही. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

शुक्रवारी चौकात टिक टिक सुरू झालं.

या वेळी तिची नजर दांडीवरच होती. दांडी हलली नव्हती. ती मधोमध, तिच्या जागी होती. आणि समोरच्या पट्टीवर उजवीकडचा हिरवा बाण लागत होता, विझत होता. तिने दांडी डावीकडे केली, उजवीकडे केली, पुन्हा मधे आणली. बाणाचा ठेका चुकला नाही.

समोरून येणारी शाळेची बस थांबली. वाट देऊन.

"लावलाच आहेस, तर वळ ना," नवरा म्हणाला.

"कुठे वळू?"

"घरी."

"घर मागे राहिलं. आपण इस्पितळात चाललोय. अहो, बघा तरी माझ्याकडे."

त्याने बघितलं नाही. गिरणीच्या रस्त्याकडे बघत तो समजुतीच्या सुरात म्हणाला, बसमध्ये एखाद्या हट्टी बाईला म्हणावं तसं, "मशीनबाई, ज्याचा थांबा आला त्याला उतरू द्यावं. खोळंबा होतो."

तिने गाडी दामटली. चौक मागे पडताच बाण विझला.

५

इस्पितळात डायलिसिसच्या आधी पेशंटचं वजन करतात. दोन खेपांच्या मधे अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. मशीनबाई घरूनही वजन करून निघायची, वहीत लिहायची.

"घरी किती होतं?" सिस्टरने विचारलं.

"त्रेपन्न."

"इथे एकावन्न भरतंय. तुमचा काटा बिघडलाय."

घरी आल्यावर तिने काट्यावर कारखान्यातलं पाच किलोचं वजन ठेवलं. पाच. दोन वजनं ठेवली. दहा. काट्यात काही खोट नव्हती. पुढच्या सोमवारी तिने नवऱ्याला निघायच्या आधी दोनदा उभं केलं. त्रेपन्न, त्रेपन्न. इस्पितळात पन्नास. चपला त्याच, कपडे तेच.

पंचवीस मिनिटांच्या रस्त्यात तीन किलो.

परतताना तिने त्याचा हात हातात घेतला. हात उबदार होता आणि धड होता. कुठे काही कमी झालेलं दिसत नव्हतं. पण तिने तो उचलला तेव्हा, तिच्या अंदाजापेक्षा तो सहज वर आला.

बुधवारी तिने रस्ताच बदलला. रेल्वे फाटकाकडून लांबचा वळसा होता, पाऊण तासाचा, चौक टाळून जाणारा. त्या दिवशी काही झालं नाही. घरचं वजन आणि इस्पितळातलं वजन सारखं भरलं. सिस्टर म्हणाली, "आणला वाटतं नवा काटा."

शुक्रवारी त्या वळशाच्या रस्त्यावर, अगदी मधेच, टिक टिक लागलं. तिथे उजवीकडे रस्ता नव्हता, गल्ली नव्हती, दारसुद्धा नव्हतं. गोदामाची सलग भिंत होती. तरीही समोरून येणारा मोटारसायकलवाला थांबला. त्याने पाय टेकला, आणि तिने भिंतीत वळावं म्हणून तो वाट बघत राहिला.

नवऱ्याने काच खाली केली होती. सुटीत बसमधून बाहेरची शेतं बघावीत, तसा तो त्या भिंतीकडे बघत होता.

त्या दिवशी इस्पितळात त्याचं वजन शेहेचाळीस भरलं.

तिने पुन्हा जुना रस्ता धरला. तिथे वळायला निदान रस्ता तरी होता. भिंतीपेक्षा तो बरा, असं तिला वाटलं. असं आपल्याला वाटलं, याचीच तिला नंतर रात्रभर भीती वाटली.

६

रविवारी तिने स्टिअरिंग पुन्हा उतरवलं. स्विच काढला आणि त्याच्या जागी काहीच बसवलं नाही. सुट्या वायरींना चिकटपट्टी गुंडाळली. इंडिकेटरचं टिक टिक ज्या डबीतून येतं ती डबीही उपटून काढली. मग चारी कोपऱ्यांचे बल्ब काढले. सगळं एका पिशवीत भरून कपाटात ठेवलं. वळायचं असेल तिथे हात बाहेर काढू, असं तिने ठरवलं.

नवऱ्याला आता बसवत नव्हतं. सोमवारी त्याला मागच्या सीटवर उशी देऊन आडवं केलं, घोंगडी पांघरली, वरून पट्टा लावला. उचलताना कुणाची मदत लागली नाही. तिला एकटीला तो पेलला.

चौक आला. गाडीत चिडीचूप. समोरची पट्टी काळी.

समोरून येणारी टॅक्सी थांबली. टॅक्सीवाल्याने हात केला.

तिने काच खाली करून ओरडून विचारलं, "का थांबलात?"

"अहो बाई, दिवा लावलाय ना तुम्ही! वळा की लवकर!"

चौकाच्या उजव्या कोपऱ्यावर टायरचं दुकान होतं, पुढे भली मोठी काच. तिने तिकडे मान वळवली. काचेत तिला तिची गाडी दिसली. पुढचा उजवा दिवा, ज्यात बल्ब नव्हता, पिवळाधमक लागत होता आणि विझत होता.

"अहो," तिने मागे न बघता हाक मारली. "अहो, जागे आहात ना?"

"जागाच आहे," तो म्हणाला. आवाज अगदी खडखडीत होता, पूर्वीचा, भरल्या बसमध्ये शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. "तूच दमली आहेस. किती दिवस असं सरळ जाशील?"

ती सरळ गेली. पुलावर तिला रडू कोसळलं. रस्ता दिसेना, तरी तिने गाडी थांबवली नाही.

इस्पितळात सिस्टरने वजनाचा आकडा बघितला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, असं होत नसतं. त्यांनी काटा बदलायला सांगितला. दुसऱ्या काट्यानेही तेच सांगितलं.

बुधवारी तिने नेऊच नये असं ठरवलं. डायलिसिस चुकवलं तर काय होतं ते डॉक्टरांनी समजावलेलं होतं. सकाळी दहालाच त्याला धाप लागली, ओठ काळवंडले. म्हणजे न्यावंच लागलं. दोन्हीकडून फास होता.

७

शुक्रवारी निघताना तिने पट्टा दोनदा ओढून बघितला. मागची दोन्ही दारं आतून उघडणार नाहीत अशी तिने ती अडकवली होती. आरसा असा फिरवला की रस्ता थोडा आणि नवऱ्याचा चेहरा पूर्ण दिसावा.

पेट्रोल पंपापाशी तो डोळे मिटून पडलेला होता. लांब रस्त्यावर त्याने डोळे उघडले आणि आरशात तिच्याकडे बघितलं. कित्येक दिवसांत त्याने असं बघितलं नव्हतं.

"रागावलात?" तिने विचारलं.

"तुझ्यावर कधी रागावलोय मी?"

चौकात समोर एक मोठा ट्रक थांबलेला होता. त्याच्यामागे रांग लागली होती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. सगळे धीराने थांबले होते, जणू एखादं मोठं लांबलचक वाहन वळतंय आणि त्याला वेळ लागणारच. एवढी माणसं आपल्यासाठी खोळंबली आहेत हे बघून क्षणभर तिचे हात चाकावर उजवीकडे वळायला निघाले. तिने दात आवळले, चाक सरळ धरलं, आणि नजर ट्रकच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर रोवून चौक पार केला.

मग आरशात बघितलं. घोंगडी दिसत होती. चेहऱ्यावर उन्हाची तिरीप होती, नीट दिसेना.

इस्पितळाच्या दारात वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. तो जुना माणूस, नवऱ्याला ओळखणारा. त्याने मागचं दार उघडलं आणि वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"बाई," तो म्हणाला, "पेशंट कुठे आहे?"

पट्टा लावलेला होता. पट्ट्याखाली घोंगडी होती, माणसाच्या आकाराची, खांद्यापाशी फुगलेली, गुडघ्यापाशी उंच. उशीवर डोक्याचा खळगा होता. तिने घोंगडीवर हात ठेवला. घोंगडी हळूच खाली बसली. आतून ती गरम होती.

८

ती तशीच गाडी फिरवून मागे निघाली. वॉर्डबॉय हाका मारत काही पावलं धावला.

पूल ओलांडून ती चौकाकडे आली. आता ती उलट्या बाजूने येत होती, इस्पितळाकडून घराकडे. गिरणीचा रस्ता तिच्या डाव्या हाताला होता. चौक रिकामा होता. ट्रक नव्हता, रांग नव्हती. भर दुपारचं ऊन, आणि टायरच्या दुकानात रेडिओ लागलेला.

समोरून एक गाडी आली आणि चौकात थांबली. उजवीकडचा दिवा लावून.

मशीनबाईने ब्रेक दाबला. दाबायचा असं तिने ठरवलं नव्हतं. समोर कुणी वळायला थांबलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तसा गेला.

गाडीचा रंग तिच्या गाडीचा होता. डाव्या चाकावरचा पोचा तिच्या गाडीचा होता. ती गाडी सावकाश वळली, तिच्या अगदी पुढून, दहा-बारा हातांवरून. पुढच्या सीटवर नवरा बसला होता. ताठ, अंग भरलेलं, हात खिडकीबाहेर टाकलेला. तो काहीतरी सांगत होता आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत होता.

चाकावर बाई होती. तिचा चेहरा मशीनबाईला दिसला नाही, कारण मधे नवरा होता, आणि ती त्याच्याकडे वळून हसत होती. वळता वळता तिने इकडे न बघताच एक हात वर केला. वाट दिल्याबद्दल आपण करतो, तसा.

मशीनबाईने गाडी डावीकडे घातली, त्यांच्या मागे. गिरणीचा रस्ता तीनशे पावलांचा होता. दोन्ही बाजूंना भिंत, शेवटी लोखंडी फाटक, फाटकाला साखळी, साखळीला गंजून एकजीव झालेलं कुलूप. फाटकाखाली गुडघाभर गवत होतं. ते कुठेही मोडलेलं नव्हतं.

ती संध्याकाळपर्यंत तिथे उभी होती. पोलिसांना ती तिथेच सापडली.

९

पोलिसांनी गिरणी उघडली, नदी शोधली, पुलाखाली माणसं उतरवली. वॉर्डबॉयने जे बघितलं ते सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं की हा पेशंट स्वतःच्या पायांनी दहा पावलंही गेला नसता. पोलिसांनी मशीनबाईला तोच प्रश्न चार दिवस विचारला, आणि चारही दिवस तिने तेच उत्तर दिलं. शेवटी त्यांनी तिला घरी पाठवलं, गाव सोडायचं नाही असं बजावून.

नणंद येऊन राहिली होती. थोरली, भावाला अंगाखांद्यावर खेळवलेली. पहिले दोन दिवस तिने मशीनबाईला बळेबळे जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी ती समोर येऊन बसली.

"वहिनी, तू खूप केलंस त्याचं. माणूस थकतो, मला कळतं. मी कुणाला सांगणार नाही. फक्त एकदा खरं सांग. तू त्याला कुठे सोडलंस?"

"सोडलं नाही, वन्सं. मी वळलेच नाही."

 नणंद उठली, आपली बॅग भरली, आणि निघताना दार ओढून घेतलं. त्यानंतर ती त्या घरी आली नाही.

रविवारी दुपारी इस्पितळातून फोन आला. सिस्टर होती. बोलताना अवघडत होती. सोमवार-बुधवार-शुक्रवारची बाराची जागा मोकळी पडलीये, एक बाई दोन महिने वाट बघत आहेत, तुमची हरकत नसेल तर त्यांना देऊ का, असं विचारत होती.

मशीनबाईने विचारलं, त्यांना घेऊन कोण येणार आहे?

"त्यांचे मिस्टर. स्वतःची गाडी आहे. का हो?"

मशीनबाईने तोंड उघडलं. काय सांगायचं ते तिला माहीत होतं, आणि सांगून काय होणार तेही माहीत होतं.

"द्या," ती म्हणाली.